हातावर वजन करणाऱ्या मॅडम

मॅडम मूल आधी उचलून घ्यायच्या. नाडी नंतर, छाती तपासणं नंतर, "काय झालं?" हा प्रश्नसुद्धा नंतर. दारातून कुणी मूल घेऊन आत आलं की त्या पुढे होऊन दोन्ही हात पसरायच्या, मूल हातांवर घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि आकडा सांगायच्या. "साडेअकरा." मग ते मूल टेबलावर जायचं आणि बाकीचं सगळं सुरू व्हायचं.

मी अकलूजची. नर्सिंग पूर्ण करून सोलापूरच्या त्या हॉस्पिटलात लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मागितला होता बाळंतिणींचा वॉर्ड, मिळाली लहान मुलांची इमर्जन्सी. मॅडम तिथल्या विभागप्रमुख डॉक्टर. पहिल्याच सकाळी एक बाई झटके येणारं पोर घेऊन आली आणि मी औषधांचा ट्रे घेऊन पळाले. मॅडमच्या हातांवर ते पोर होतं. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "सिस्टर, पळायचं नाही. भरभर चालायचं. पळणारी नर्स दिसली की आई रडायला लागते, आई रडायला लागली की बाप ओरडायला लागतो, आणि तुमच्या ट्रेमधलं निम्मं खाली सांडतं."

सांडलं होतंच. मी गुडघ्यावर बसून सुया गोळा केल्या. पोराचे झटके थांबल्यावर त्याला काट्यावर ठेवलं. काटा अकरा किलो चारशे दाखवत होता. मॅडमनी काट्याकडे बघितलंही नाही.

मोठ्या माणसाला एक गोळी म्हणजे एक गोळी. लहान मुलांमध्ये तसं चालत नाही. झटक्याचं औषध, सलाईन, सगळं मुलाच्या वजनावर ठरतं, आणि नेमक्या ज्या मुलाला औषध तातडीनं हवं असतं त्याला काट्यावर ठेवता येत नाही. वयावरून वजन काढायचं सूत्र पुस्तकात आहे, आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलेलं होतं. मॅडमचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "पुस्तकातली मुलं जेवलेली असतात," त्या म्हणायच्या.

हा हात त्यांनी मेहनतीनं तयार केला होता. सुट्टीच्या दिवशी त्या बाजारात जायच्या आणि कलिंगडवाल्याच्या गाड्यापुढे उभ्या राहून एकेक कलिंगड उचलायच्या. "दो किलो सातसौ," असं म्हणून तराजूत टाकायला लावायच्या. कलिंगडवाला आधी वैतागायचा. नंतर त्यालाच नाद लागला. तो गिऱ्हाइकांशी पैज लावायला लागला, तेव्हा मॅडमनी गाडा बदलला. एकदा आमच्यातल्या एका सिस्टरच्या बाळाचं बारसं होतं. मॅडम आल्या, बाळ हातावर घेतलं. सगळ्या बायका आता या आशीर्वाद देणार म्हणून बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, "दोन चारशे. कमी आहे. दूध पुरतंय का?" बाळाच्या आजीनं महिनाभर अबोला धरला होता. दूध मात्र खरंच पुरत नव्हतं.

मॅडम उंचीनं जेमतेम. तपासायच्या टेबलाजवळ त्यांच्यासाठी एक लाकडी पाट ठेवलेला असायचा, त्यावर उभ्या राहून काम करायच्या. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेलं. त्यांचे अब्बा ट्रकवर होते. घरात दख्खनी बोलायचे, शाळा मराठी, शेजार तेलुगू विणकरांचा, त्यामुळे तेलुगू लहानपणीच आलेलं. कन्नड त्या अक्कलकोटकडून येणाऱ्या आयांकडून शिकल्या, आणि म्हणून त्यांच्या कन्नडमध्ये जुलाब, उलटी, ताप, कधीपासून, किती वेळा, एवढेच शब्द होते. एकदा एका लग्नात कुणी त्यांच्याशी कन्नडमध्ये गप्पा मारायला लागलं तेव्हा त्यांना फक्त "पोट साफ होतं का?" एवढंच विचारता आलं, असं त्या स्वतःच सांगायच्या.

आमच्याकडे काही शब्दांना बंदी होती. "घाबरू नका" हा त्यातला पहिला. "या जगात 'घाबरू नका' म्हटल्यावर घाबरायचं थांबलेला एक माणूस मला दाखवा," त्या म्हणायच्या. "त्यांचं पोर निळं पडलंय. घाबरणारच. त्यांना काम द्या." म्हणून आमच्याकडे बापाला कुणी बाहेर काढायचं नाही. बाप पाय धरायचा, मावशी टॉर्च धरायची. एका म्हातारीला मॅडमनी सलाईनची बाटली धरून उभं केलं होतं. म्हातारीनं आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "अवो, हितं हे लोकंडी स्टँड हाय की."

"अम्मा, ते हलतंय," मॅडम म्हणाल्या.

स्टँड काही हलत नव्हतं. म्हातारी अर्धा तास बाटली धरून उभी राहिली आणि त्या अर्ध्या तासात तिनं एकदाही हंबरडा फोडला नाही. नंतर गावाकडं जाऊन तिनं सांगितलं असणार, नातवाला मीच वाचवला.

दुसरा बंदी घातलेला शब्द "बघू". एखादा शिकाऊ डॉक्टर "संध्याकाळी बघू" म्हणाला की मॅडम घड्याळ काढून पुढे धरायच्या. "संध्याकाळ म्हणजे किती वाजता? कोण बघणार? काय दिसलं तर काय करणार?" या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय त्याला हलता यायचं नाही. बिचारे त्यांच्यामागे त्यांना 'तीन प्रश्न' म्हणायचे. मॅडमना ते माहीत होतं.

रागावायच्या फार कमी. एका आईनं, पोरानं थिनर प्यायलं म्हणून त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करवली होती. हे करू नये. त्यानं ते थिनर छातीत जातं. आमचा एक डॉक्टर तिला सगळ्यांपुढे बोलला. मॅडमनी त्याला त्या बाईसाठी पाणी आणायला पाठवलं. तो पाणी घेऊन आल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, तिच्या हाताशी मीठ होतं, तिनं मीठ वापरलं. तुमच्या हाताशी शिक्षण आहे, तुम्ही ते वापरा." पोर चार दिवसांनी धडधाकट होऊन घरी निघालं तेव्हा मात्र त्यांनी त्या आईला शेजारी बसवून सगळं समजावून सांगितलं, बाटल्या कुठं ठेवायच्या तेही सांगितलं.

अकरा वाजता त्या जेवायच्या. कडक भाकरी, शेंगांची चटणी, कधी दही. उभ्यानंच, औषधांच्या कपाटाशी. यात खाडा नसायचा. मी लागून दोनतीन महिने झाले असतील, विहिरीत पडलेला एक मुलगा आणला होता. आम्ही पाऊण तास झटलो. तो गेला. मॅडमनी स्वतः त्याच्या आईला सांगितलं, तिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मग उठल्या, हात धुतले, आणि अकरा वाजले होते म्हणून डबा उघडला. एक नवीन सिस्टर माझ्या कानात म्हणाली, "हिला घास कसा उतरतो गं?" ते त्यांना ऐकू गेलं. घास गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बारा वाजता पुढचं मूल येईल. मी आज किती रडले ते त्याची आई मला विचारणार नाही. माझा हात का थरथरतोय एवढं मात्र विचारील."

हे कठोर वाटतं. मलाही तेव्हा वाटलं होतं. त्या मुलाच्या दहाव्याला त्या गेल्या होत्या हे मला वर्षभरानंतर कळलं, तेही अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून.

शनिवारी दुपारी आमची बैठक असायची. आठवड्यात कुणाचं काय चुकलं ते तिथं ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं. दुसऱ्याची चूक सांगायची नाही. सुरुवात मॅडम करायच्या. त्यांच्या चुका ऐकून आम्हाला वाटायचं, ही काय चूक झाली? "मंगळवारी मी त्या मुलाच्या बापाचं बोलणं मध्येच तोडलं." "परवा मी दोन औषधं एका दमात सांगितली, सिस्टरना परत विचारावं लागलं." मग इतर बोलायचे. मी पहिले सहा महिने तिथं फक्त चहाचे कप गोळा केले.

आता त्या मुलीचं सांगते.

मंद्रूपच्या पुढचं एक खेडं. मुलगी सात वर्षांची. उन्हाळ्याचे दिवस, सकाळचे दहा वाजलेले. त्याच वेळी शाळेच्या रिक्षाचा अपघात झाला होता; पाच मुलं एकदम आली होती, त्यातलं एक बेशुद्ध. सगळे पलंग भरलेले, दारात पोलीस, शाळेचे लोक, आया. त्या गर्दीतून ही बाई मुलीला कडेवर घेऊन आत आली. नवरा मागे. पहाटेपासून पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली, एवढीच तक्रार.

मॅडमनी मुलीला उचललं. "अठरा." पोट दाबून बघितलं, मऊ होतं. ताप नव्हता. जीभ थोडी कोरडी.

मुलीची आई म्हणाली, "बाई, ही अशी बगत न्हाय कदी. झोपंत असल्यावानी बगतीया."

"रात्रभर झोप झाली नसेल," मॅडम म्हणाल्या. मागून कुणीतरी हाक मारली, त्या बेशुद्ध मुलाच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत होती. मॅडमनी उलटीचं इंजेक्शन लिहिलं, साखरमिठाच्या पाण्याची पाकिटं द्यायला सांगितली, आणि "घरी नेलं तरी चालेल, दुपारी उलटी झाली तर परत आणा" असं म्हणून त्या वळल्या.

इंजेक्शन मी दिलं. पाकिटं मी दिली. तेव्हा त्या बाईनं माझ्या बाहीला धरून सांगितलं, "सिस्टर, तिला पानी गिळंना झालंय."

मी म्हणाले, "मळमळतं म्हणून. चमच्यानं थोडं थोडं पाजा." आणि बाही सोडवून घेतली.

बाई दाराशी थोडा वेळ उभी होती. मग नव्हती.

ती दोघं मुलीला घेऊन सात रस्ता चौकापर्यंत गेली. तिथं रिक्षा बदलायला उतरली तेव्हा मुलीची मान आईच्या खांद्यावर टिकेना. नवरा म्हणाला, सुई दिलीया, त्याची गुंगी असंल, घरी जाऊन निजू दे. बाई म्हणाली, तुमी जावा घरी. आणि मिळेल त्या रिक्षात बसून ती एकटी परत आली. हे सगळं तिनं नंतर सांगितलं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की साडेअकराच्या सुमाराला ती दारातून आत आली आणि यावेळी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मुलीला सरळ मॅडमच्या हातांवर ठेवलं.

पापण्या अर्ध्यावर आलेल्या. तोंडातून लाळ. छाती हलतेय न हलतेय.

मॅडमनी एका हातानं तिची पापणी वर केली आणि सोडली. पापणी पडली.

"रात्री कुठं झोपली होती?"

"अंगनात. भुईवर. घरात लई उकडतंय की."

"मण्यार," मॅडम म्हणाल्या.

मण्यार साप रात्री चावतो. झोपलेल्या माणसाला बऱ्याचदा कळतसुद्धा नाही, खूण राहत नाही. सकाळी पोट दुखतं, उलटी होते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात. आपल्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मॅडमनीच आम्हाला ते शिकवलं होतं.

श्वासनळीत नळी घालायला त्यांना पाऊण मिनिट लागलं. शिकाऊ डॉक्टरनं विषावरच्या औषधाच्या बाटल्या काढल्या आणि विचारलं, "अठरा किलोला किती?"

"साप वजन बघून चावत नाही," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या माणसाइतकंच. दहाच्या दहा."

आमच्याकडे मुलांसाठी दोन व्हेंटिलेटर होते, दोन्हींवर मुलं होती. एकावर सकाळचा तो बेशुद्ध मुलगा. म्हणून नळीला रबरी फुगा लावून तो हातानं दाबत राहायचं. तीन सेकंदांना एकदा. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. मॅडमनी सगळ्यांना बजावलं, "तिला सगळं ऐकू येतंय. डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण ती आत जागी आहे. तिच्या उशाशी रडायचं नाही, आपापसात कुजबुजायचं नाही. जो फुगा दाबेल त्यानं तिच्याशी बोलायचं."

दोनच्या सुमाराला गावातून दोन जीपगाड्या आल्या. तीसेक माणसं. मागाहून परत आलेल्या नवऱ्यानं फोन केला होता. सकाळी आणली होती, सुई देऊन घरी हाकलली, आता मशीनपण देत न्हाईत, असं ते गावात पोचलेलं. व्हरांड्यात आरडाओरडा सुरू झाला. मुलीचा चुलता, पंचविशीचा पोरगा, त्यानं सूचनांच्या फलकावर बुक्की मारून काच फोडली. त्याच्या हातातून रक्त यायला लागलं.

आमचे मॅनेजर मागच्या दारानं आत आले. "मॅडम, तुम्ही मागून निघा. पोलिसांना फोन केलाय. कुणी विचारलं तर सांगा, सकाळी लक्षणंच नव्हती, नंतर वाढलं. एवढंच बोला. जास्त नको."

मॅडम तेव्हा फुगा दाबत होत्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "सिस्टर, मोजत राहा." मग पायाखालचा पाट उचलला आणि तो काखेत धरून व्हरांड्यात गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं, म्हणून मला सगळं दिसत होतं. त्यांनी पाट खाली ठेवला, त्यावर उभ्या राहिल्या. तरीही त्यांचं डोकं समोरच्या माणसांच्या खांद्याला लागत नव्हतं.

"सकाळी ही मुलगी मी तपासली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, औषध सांगताना असायचा तसा. "मीच तिला घरी पाठवलं. तिला मण्यार चावलीय. ते मला सकाळी कळायला पाहिजे होतं. तिच्या आईनं मला सांगितलं होतं, ही अशी बघत नाही म्हणून. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

मला वाटलं आता मॅडमना मारणार. चुलता पुढे सरकला. मॅनेजर भिंतीला चिकटून उभे.

मुलीचा आजा मागे बाकावर बसला होता. त्यानं बसूनच विचारलं, "जगंल का पोरगी?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "औषध दिलंय. श्वास आम्ही हातानं देतोय. मशीन दुसरीकडून मागवलंय, यायला दोनतीन तास लागतील. तोवर हात थांबला तर ती जाईल. माझ्याकडे सहा जणं आहेत आणि आत अजून अकरा मुलं आहेत." मग त्या चुलत्याकडे वळल्या. "तुझा हात आधी साबणानं धू, बांधून घे. नंतर आत ये. मी शिकवते."

तो "मला?" म्हणाला.

"तूच सगळ्यात तगडा दिसतोस."

त्यानं आजाकडे बघितलं. आजानं मान हलवली.

माझ्या हातातून फुगा त्यानं बांधलेल्या हातानंच घेतला. मॅडम शेजारी उभ्या राहून "एक, दोन, दाब. एक, दोन, दाब," म्हणत राहिल्या. त्याला जमलं. मग मॅडम म्हणाल्या, "आता बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"घरचं सांग."

तो तिच्या कानाशी वाकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गाय व्याली बरं का गं आपली. कालवड झालीया. पांडरीफेक. कपाळावर काळा ठिपका हाय." आणि त्या न जन्मलेल्या कालवडीचं वर्णन तो तासभर करत राहिला. गाय अजून व्याली नव्हती, हे मला नंतर कळलं. त्याच्यानंतर आजाच्या शेजारचा एक माणूस आला, मग मुलीचा बाप. पाच वाजता टेम्पोतून मशीन आलं तेव्हा व्हरांड्यातली माणसं रांगेत बसली होती, धुतलेले हात गुडघ्यांवर ठेवून.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते.

मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. हॉस्पिटलनं मात्र चौकशी लावली. फुटलेल्या काचेपेक्षा मॅडमचं ते पाटावरचं बोलणं त्यांना जास्त खुपलं होतं. लेखी खुलासा मागितला. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या : मुलीच्या आईने लक्षण सांगितले होते. मी ते ऐकले नाही. मॅनेजर तो कागद घेऊन दोनदा आले. "मॅडम, 'लक्षण अस्पष्ट होते' एवढं तरी घाला. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"स्पष्ट होतं," मॅडम म्हणाल्या. "झोपेत असल्यासारखी बघतेय. याच्यापेक्षा स्पष्ट पुस्तकात पण लिहिलेलं नाही."

त्यांचं विभागप्रमुखपद गेलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेला डॉक्टर त्या जागेवर आला. तो लाजायचा, प्रत्येक गोष्ट त्यांना विचारायला यायचा. मॅडम म्हणायच्या, "हेड तुम्ही आहात. मला विचारू नका, सांगा. मी करते." आणि करायच्या. तीन वर्षं तशाच कामाला येत राहिल्या, निवृत्त झाल्या, निरोपसमारंभ नको म्हणाल्या. आता सोलापुरातच असतात. मी मध्ये भेटायला गेले होते तेव्हा गुडघे दुखतात म्हणत होत्या.

आणि गायीला गोऱ्हा झाला. त्यावरून मुलगी चुलत्याशी बरीच भांडली म्हणे.

पण मला सांगायचं आहे ते पाचव्या दिवसाचं. तिसऱ्या दिवशी मुलीनं पापण्या उचलल्या, चौथ्या दिवशी हात हलवला, पाचव्या दिवशी सकाळी मॅडमनी नळी काढली. मुलगी आपल्या आपण श्वास घ्यायला लागली. सगळा विभाग खुशीत होता. मी नव्हते. त्या पाच दिवसांत मी त्या बाईसमोर गेले की सलाईनच्या बाटलीकडे बघत होते, नळीकडे बघत होते, तिच्याकडे बघत नव्हते. मॅडमनी सगळ्यांपुढे चूक घेतली होती ती एकटीची म्हणून घेतली होती. त्या बाईनं मलाही काही सांगितलं होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी त्यांना कपाटाशी गाठलं. भाकरी खात होत्या. म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी तिच्या आईनं मला पण सांगितलं होतं. पाणी गिळता येत नाही म्हणून. मी म्हटलं मळमळ असेल. तुम्हाला सांगितलंच नाही."

त्यांनी चावायचं थांबवलं. "किती वाजता?"

"ते निघाले तेव्हा. साडेदहा असतील."

"म्हणजे तासभर आधी कळलं असतं."

"हो."

मला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील. असू दे म्हणतील, गर्दी होती म्हणतील. निदान रागावतील. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मला सांगून काय होणार, सिस्टर? आई बाहेर पायरीवर बसलीय."

मी बाहेर गेले. बाई पायरीवर बसून मुलीचा फ्रॉक पिळत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं. तिला आलं नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्या तुमची बाही धरली हुती की. रोज सलायन बदलाया येताय, आन् माज्याकडं बगत न्हाय. म्या म्हनलं, कवा बोलती बगू तरी." तिनं फ्रॉक झटकला आणि कठड्यावर वाळत घातला. "तवा लई राग आलता तुमचा. त्या मोट्या बाईंचा बी आलता. त्या बोलल्या, तवा त्यांचा गेला."

मी उठून फ्रॉकची दुमडलेली कड सरळ केली.

मग तीच म्हणाली, "मोट्या बाई म्हनल्या, आता पानी पाजून बगा. वाटी भरून ठिवलीया मगापासनं. माजा हातच उचलंना. त्या दिशी सारकं तोंडातनं भाईर आलं तर?" तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी पाजता का?"

आम्ही आत गेलो. मुलगी उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. मॅडम पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. मी वाटीतलं पाणी चमच्यात घेतलं. अर्धाच चमचा. आई माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. चमचा मुलीच्या ओठांना लावला. पाणी आत गेलं. मुलीनं डोळे मिटले, आणि मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं.

आम्ही तिघीही तशाच उभ्या होतो.

मुलीनं डोळे उघडले, वाटीकडे बघितलं, आणि नळीनं बसलेल्या आवाजात म्हणाली, "आनकी."